खांदा आणि कंबर : शरीरसौष्ठवातील प्रमाणविचार

शरीरसौष्ठव स्पर्धेचा परीक्षक स्पर्धकाच्या हातातील वजन पाहत नाही आणि त्याच्या दंडाला फीतही लावत नाही. त्याच्यासमोर असते ती केवळ एक आकृती, आणि त्या आकृतीत डोळा सर्वप्रथम दोन जागा हेरतो : खांद्यांची सर्वांत रुंद जागा आणि कंबरेची सर्वांत अरुंद जागा. ‘मेन्स फिजिक’ या गटात, ज्याला मराठी व्यायामशाळांत नुसते ‘फिजिक’ म्हणतात, ही गोष्ट अधिकच ठळक होते, कारण या गटातील स्पर्धक गुडघ्यापर्यंत येणारी सैल चड्डी घालून मंचावर उतरतात, मांड्या झाकलेल्या असल्यामुळे त्यांना गुण मिळत नाहीत, आणि सारा निवाडा कंबरेपासून वरच्या देहावर होतो. २०१३ मध्ये ऑलिंपियासारख्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत हा गट प्रथम समाविष्ट झाला आणि त्यानंतर भारतातील तरुणांचा ओढाही त्याच्याकडे वेगाने वाढला. या गटाची कसोटी बाहेरून सोपी वाटते. प्रत्यक्षात ती व्यायामशाळेत रुजलेल्या एका जुन्या समजुतीच्या विरुद्ध जाते, आणि ती समजूत म्हणजे मोठे तेच चांगले.

प्रमाण म्हणजे दोन मापांचे परस्परांशी असलेले नाते, आणि म्हणूनच ते बदलण्याचे मार्गही दोन असतात. एखाद्या स्पर्धकाच्या खांद्यांभोवतीचा घेर १२० सेंटिमीटर आणि कंबरेचा ८० सेंटिमीटर असेल, तर त्याचे प्रमाण दीड भरते. कंबर पाच सेंटिमीटरने उतरली तर ते १.६ होते, परंतु कंबर आहे तशीच ठेवून केवळ खांद्यांच्या बळावर तेथे पोहोचायचे असेल, तर खांद्यांचा घेर १२८ सेंटिमीटर व्हावा लागतो, आणि काही वर्षे व्यायाम केलेल्या माणसाला घेराची ही आठ सेंटिमीटरची वाढ मिळवण्यास आणखी कित्येक वर्षे लागतात. चरबी उतरताना खांद्यांचा घेरही थोडा कमी होतो हे खरे, तरीही पोटावरील चरबीचा थर खांद्यावरील थरापेक्षा बहुधा पुष्कळ जाड असल्यामुळे अखेरचा हिशेब कंबर उतरवण्याच्याच बाजूने लागतो. १.६१८ या सुवर्ण गुणोत्तराचा उल्लेख या संदर्भात वारंवार केला जातो. ते एक सोयीचे लक्ष्य म्हणून ठेवण्यास हरकत नाही, पण कोणताही परीक्षक ते मोजून निकाल देत नाही.

प्रमाणाचा हा विचार नवा नाही. युजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या व्यायामपटूने १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जी मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली, तिच्या निकषांत सर्वांगीण विकासाबरोबरच विकासाचा समतोल, स्नायूंची घडण, एकंदर आरोग्य आणि त्वचेची स्थिती यांचा समावेश होता, आणि परीक्षकांत शिल्पकार चार्ल्स लॉज यांच्यासह लेखक आर्थर कॉनन डॉईल होते. एका शिल्पकाराला परीक्षकाच्या आसनावर बसवण्यातच या क्रीडाप्रकाराची दृष्टी स्पष्ट होते : देह येथे बळाचे साधन म्हणून तपासला जात नाही, घडवलेली वस्तू म्हणून पाहिला जातो. सँडो १९०४–०५ मध्ये भारतात येऊन गेला, आणि पुढे १९५१ मध्ये मनतोष राय व १९५२ मध्ये मनोहर आइच या दोन बंगाली व्यायामपटूंनी मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपापल्या गटाचे विजेतेपद मिळवले. आइच यांची उंची अवघी ४ फूट ११ इंच होती. उंची ही प्रमाणाची अट नव्हे, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्राची व्यायामपरंपरा मात्र प्रामुख्याने तालमीची आहे, आणि तालमीचा आदर्श वेगळा आहे. कुस्तीगिराला जड, घट्ट आणि हलवण्यास कठीण असा मधला देह लागतो. जोर, बैठका आणि भरपूर दूध-तूप यांवर पोसलेल्या मल्लाचे पोट हा दोष मानला जात नाही, आणि त्याच्या कामात तो दोष नाहीही. फिजिकच्या आकृतीशी अधिक जवळचे नाते आहे ते मल्लखांबाचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केल्याचे मानले जाणाऱ्या या व्यायामात खेळाडूला स्वतःचेच वजन पुन्हा पुन्हा उचलून धरावे लागते, त्यामुळे अनावश्यक चरबीची शिक्षा तत्काळ मिळते, आणि ओढण्याच्या क्रियेने पाठीचे दोन्ही पंख, म्हणजे काखेपासून कंबरेपर्यंत पसरलेले रुंद स्नायू, भरतात. आधुनिक जिममधील पुल-अप हा व्यायाम हेच काम करतो, आणि खांद्यांची रुंदी ही निम्मी पाठीची रुंदी असते हे विसरून केवळ खांद्यांचे व्यायाम करणाऱ्यांची आकृती समोरून बरी आणि मागून अपुरी दिसते.

खांद्याच्या रुंदीत जो भाग हाडांचा आहे, तो बदलत नाही. जत्रुकास्थी, म्हणजे ज्याला बोलण्यात कॉलरबोन म्हणतात ते हाड, जेवढे लांब असेल तेवढी खांद्याची चौकट रुंद, आणि ऐन विशीत त्या हाडाची वाढ पूर्ण होते. वाढवता येतो तो त्या चौकटीवर बसलेला डेल्टॉइड हा स्नायू, ज्याचे नाव ग्रीक डेल्टा या त्रिकोणी अक्षरावरून पडले आहे. त्याचे तीन भाग आहेत : पुढचा भाग जत्रुकास्थीपासून, बाजूचा खांद्याच्या टोकापासून आणि मागचा खवाट्याच्या कण्यापासून निघतो, आणि तिन्ही भाग खाली दंडाच्या हाडावर एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बेंच प्रेस, जोर आणि डोक्यावर वजन ढकलण्याचे सर्व प्रकार पुढच्या भागाला भरपूर काम देतात, त्यामुळे बहुतेक तरुणांचा तो भाग आधीच वाढलेला असतो. समोरून पाहताना रुंदी देणारा बाजूचा भाग आणि कडेने पाहताना खांद्याला गोलाई देणारा मागचा भाग हे दोन्ही उपेक्षित राहतात.

बाजूच्या भागाचा मुख्य व्यायाम म्हणजे लॅटरल रेझ : दोन्ही हातांत डंबेल घेऊन ते बाजूंनी खांद्याच्या पातळीपर्यंत उचलणे. हा व्यायाम हलक्या वजनाने का करावा, हे तरफेच्या नियमावरून समजते. हात आडवा असताना डंबेल खांद्याच्या सांध्यापासून सुमारे ६० सेंटिमीटर दूर असते, तर डेल्टॉइडची ओढ सांध्याच्या केंद्रापासून अवघ्या अडीच-तीन सेंटिमीटरवरून लागते. अडीच सेंटिमीटर धरले तर स्नायूंना वजनाच्या सुमारे चोवीस पट ओढ निर्माण करावी लागते, म्हणजे पाच किलोच्या डंबेलसाठी सुमारे १२० किलोंइतकी, आणि तीत हाताच्या स्वतःच्या वजनाचा भार अजून धरलेलाच नाही. या स्थितीत कोणी पंधरा किलोचे डंबेल झोका देऊन उचलतो, तेव्हा काम डेल्टॉइडकडून निसटते आणि मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या ट्रॅपेझियस या स्नायूकडे जाते, आणि तो स्नायू जास्त वाढला की खांद्यांना मानेकडून उतार येऊन ते उलट अरुंद दिसू लागतात. मेहनत करूनही आकृती बिघडण्याचा हा प्रकार जिममध्ये नित्य घडतो आणि तो टाळणे पूर्णपणे शक्य आहे. हात शरीराच्या अगदी बाजूला न नेता सुमारे तीस अंश पुढच्या दिशेने, म्हणजे खवाटा ज्या प्रतलात बसलेला असतो त्या प्रतलात उचलावेत, कोपर किंचित वाकलेले असावे, आणि खाली आणण्याची क्रिया उचलण्याच्या क्रियेहून सावकाश व्हावी. बार अगदी जवळून धरून हनुवटीपर्यंत ओढण्याचा अपराइट रो हा व्यायाम मात्र वगळलेला बरा, कारण त्यात हात आतल्या बाजूस वळलेला असताना वर उचलला जातो आणि सांध्याच्या माथ्यावरून जाणारा नाजूक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाखाली दाबला जाण्याचा धोका असतो. मागच्या भागासाठी दोरी चेहऱ्याकडे ओढण्याचा फेस पुल किंवा ओणवे होऊन हात मागे पसरण्याचा व्यायाम पुरतो. आठवड्यात बाजूच्या भागाचे दहा ते वीस संच, दोन किंवा तीन दिवसांत विभागून, ही मर्यादा बहुतेकांना योग्य ठरते.

कंबरेच्या बाबतीत समजुती अधिक आणि शास्त्र कमी अशी अवस्था आहे. कंबरेचा घेर चार गोष्टींनी ठरतो : बरगड्यांचा पिंजरा आणि ओटीपोटाची हाडे, पोटाच्या भिंतीतील स्नायू, कातडीखालची चरबी, आणि आतड्यांभोवती साचलेली चरबी. यांपैकी हाडे बदलत नाहीत, आणि बाजूंच्या तिरक्या स्नायूंना जड डंबेल घेऊन वाकण्याच्या व्यायामाने वाढवणे हे फिजिकच्या स्पर्धकासाठी उलटेच ठरते. उरते ती चरबी. पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी जळते ही समजूत शरीराच्या व्यवहाराशी जुळत नाही, कारण चरबीच्या पेशींतून सुटलेले इंधन रक्तावाटे साऱ्या देहात जाते आणि ते कोठून आधी सुटावे हे अनुवंश आणि संप्रेरके ठरवतात. पुरुषांत बेंबीखालची आणि पाठीच्या तळाची चरबी सहसा सर्वांत शेवटी उतरते. पोटाला गुंडाळण्याच्या रबरी पट्ट्यांनी घाम निघतो, आणि घामाने उतरलेले वजन तांब्याभर पाण्याने परत येते.

चरबी उतरवण्याचा हिशेब असा मांडता येतो. ७५ किलो वजनाच्या आणि १५ टक्के चरबी असलेल्या स्पर्धकाच्या देहात सव्वाअकरा किलो चरबी असते. स्नायू मुळीच न गमावता त्याला सात टक्क्यांवर यायचे असेल, तर सुमारे साडेसहा किलो उतरवावे लागतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते, म्हणून रोज ५०० किलोकॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला साधारण साडेचारशे ग्रॅम उतरतात, आणि या गतीने चौदा आठवड्यांहून थोडे अधिक लागतात. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का ही गती सुरक्षित मानली जाते. याहून घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ज्या खांद्यांसाठी वर्षे घालवली ते खांदेच मंचावर सपाट दिसतात. स्नायू राखण्यासाठी दर किलो वजनामागे सुमारे दोन ग्रॅम प्रथिने, म्हणजे या स्पर्धकाला दीडशे ग्रॅम, रोज लागतात. शाकाहारी मराठी घरात हीच खरी अडचण ठरते : शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असली, तरी तीबरोबर साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात, आणि दीडशे ग्रॅम प्रथिने निव्वळ डाळीतून घ्यायची तर जवळपास सातशे ग्रॅम डाळ शिजवावी लागते, जिच्यातून मिळणाऱ्या तेवीसशेच्या आसपास किलोकॅलरींतच अनेकांचा दिवसभराचा कोटा संपतो. म्हणून सोयाबीनच्या वड्या, पनीर, दही आणि आवश्यक तर दुधापासून केलेली व्हे भुकटी यांची जोड द्यावी लागते. अंडी, मासे आणि कोंबडी चालणाऱ्या घरात हा प्रश्न सहज सुटतो.

कंबरेच्या घेराचा आणखी एक भाग श्वासाशी निगडित आहे, आणि येथे महाराष्ट्राचे योगदान थेट आहे. शरीरसौष्ठवात ‘व्हॅक्यूम’ म्हणून ओळखली जाणारी मुद्रा, जी १९७७ ते १९७९ अशी सलग तीन वर्षे मिस्टर ऑलिंपिया ठरलेल्या फ्रँक झेन यांच्यामुळे विशेष गाजली, ती तत्त्वतः हठयोगातील उड्डियान बंधच आहे : श्वास पूर्ण बाहेर टाकून, तो बाहेरच रोखून, श्वास न घेता बरगड्या फुलवल्या की छातीच्या पोकळीतील दाब घटतो, श्वासपटल वर ओढले जाते आणि सैल सोडलेले पोट आपोआप आत खेचले जाते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी या क्रियांचा क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने अभ्यास केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबाहून खाली जातो असे त्यांना आढळले, आणि त्या निर्वाताला त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदास यांचे नाव दिले. स्पर्धकासाठी या क्रियेबरोबरच पोट आवळून धरण्याचा सरावही उपयोगी आहे, ज्यात बेंबी कण्याकडे ओढून पोटाचा आडवा स्नायू, म्हणजे कमरपट्ट्याप्रमाणे साऱ्या पोटाला वेढणारा सर्वांत आतला थर, सामान्य श्वास चालू असतानाच आकुंचित ठेवला जातो. या दोन्हींनी चरबी जळत नाही. त्यांनी मिळतो तो ताबा, ज्यामुळे मंचावरील वीस मिनिटांच्या तुलना-फेरीत, दिव्यांच्या उष्णतेत आणि थकव्यातही, पोट पुढे सुटत नाही. उड्डियान रिकाम्या पोटीच करावा, आणि उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा पोटातील व्रण असलेल्यांनी तो करू नये.

स्पर्धेपूर्वीच्या अखेरच्या आठवड्याविषयी मात्र कठोरपणे बोलणे आवश्यक आहे. कातडी पातळ दिसावी म्हणून पाणी आणि मीठ तोडण्याची प्रथा व्यायामशाळांत अजून टिकून आहे, आणि तिचा पुढचा टप्पा म्हणजे लघवी वाढवणारी औषधे. स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाण्याचाच असल्यामुळे पाणी तोडल्याने स्नायू आधी मावळतात, हा झाला सौंदर्याचा तोटा. जिवाचा धोका याहून मोठा आहे, कारण रक्तातील पोटॅशियम आणि सोडियम यांचे संतुलन बिघडले की हृदयाची लय बिघडते. मोहम्मद बेनाझिझा हा व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू ऑक्टोबर १९९२ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच मरण पावला, आणि ऑस्ट्रियाचा अँड्रियास म्युन्झर मार्च १९९६ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेला. दोन्ही मृत्यूंच्या चर्चेत या औषधांचे नाव येते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ती निषिद्ध आहेत. जो स्पर्धक पंधरा-सोळा आठवडे आधी तयारीला लागला आहे, त्याला अखेरच्या आठवड्यात काहीही तोडावे लागत नाही; ज्याने सहा आठवडे आधी सुरुवात केली, त्यालाच या मार्गाचा मोह पडतो.

म्हणून व्यायामशाळांच्या चालकांना आणि प्रशिक्षकांना एवढीच विनंती आहे की, स्पर्धेची तारीख जाहीर झाल्यावर नाव नोंदवण्यास आलेल्या तरुणाची कंबर आधी मोजावी, उरलेले आठवडे मोजावेत, आणि हिशेब बसत नसेल तर त्याला त्या मोसमात मंचावर चढवू नये. पुढच्या वर्षी त्याचे खांदे अधिक भरलेले असतील आणि कंबर उतरवण्यास त्याच्या हाती पुरेसा वेळ असेल.