रशियांतील गणितविद्येचें द्वार

राजाज्ञेनें विद्या फुलत नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. रशियांतील गणितशिक्षणाचा आरंभ मात्र राजाज्ञेनेंच झाला. थोरल्या पीटरला आरमार उभारावयाचें होतें. आरमाराला नौकानयन जाणणारे अधिकारी हवे होते, आणि त्रिकोणमितीवांचून तें शास्त्र साध्य होणारें नव्हतें. म्हणून त्यानें १७०१ सालीं मॉस्को येथें गणित व नौकानयन यांची शाळा काढली. तेथील शिक्षक मॅग्निट्स्की याचें अंकगणित १७०३ सालीं प्रसिद्ध झालें. उत्तरेकडील एका कोळ्याचा मुलगा लोमोनोसॉव्ह पुढें रशियाचा अग्रगण्य शास्त्रज्ञ झाला. ज्या ग्रंथांना तो आपल्या विद्येचीं द्वारें म्हणत असे, त्यांत हें अंकगणित होतें.

परंतु हें द्वार सर्वांना सारखेंच उघडें नव्हतें. सोफिया कोव्हालेव्स्काया हिला केवळ स्त्री म्हणून रशियन विद्यापीठांत प्रवेश मिळाला नाहीं. ती जर्मनीला गेली, १८७४ सालीं गटिंगेनची डॉक्टर झाली, आणि पुढें स्वीडनमध्यें प्राध्यापक झाली. मायदेशानें १८८९ सालीं तिला अकादमीच्या पत्रव्यवहारी सदस्यत्वाचा मान दिला. अध्यापकाचें आसन दिलें नाहीं.

सोव्हिएट काळांत हें द्वार पुष्कळ रुंदावलें. १९३४ सालीं लेनिनग्राड येथें व १९३५ सालीं मॉस्को येथें शालेय विद्यार्थ्यांच्या गणितस्पर्धा सुरू झाल्या. सायंकाळच्या गणितमंडळांत सूत्रें पाठ करवीत नसत. मुलापुढें प्रश्न ठेवीत, आणि त्याची सिद्धता त्याच्याच तोंडून ऐकून घेत. १९६३ सालीं कोल्मोगोरोव्ह या श्रेष्ठ गणितज्ञाच्या प्रेरणेनें मॉस्को येथें दूरदूरच्या गांवांतील बुद्धिमान मुलांसाठीं वसतिशाळा निघाली. गेल्फांड यानें १९६४ सालीं पत्रद्वारां शाळा चालविली, तर १९७० पासून ‘क्वांट’ मासिक घरोघर प्रश्न पोंचवूं लागलें.

तरीहि १९७०नंतरच्या दशकांत मॉस्को विद्यापीठाच्या गणितविभागाच्या तोंडी परीक्षेंत ज्यू उमेदवारांना मुद्दाम असाध्यप्राय प्रश्न घालून नापास करण्यांत येई. तेव्हां बेला सुबोतोव्स्काया या विदुषीनें १९७८ सालीं आपल्या राहत्या घरांत वर्ग भरविण्यास आरंभ केला. तेथें शुल्क नव्हतें आणि पदवीहि नव्हती. नामांकित गणिती मात्र शिकविण्यास येत. १९८२ सालीं ती वाहनाच्या धक्क्यानें मृत्यु पावली, आणि लौकरच तें विद्यापीठहि बंद पडलें.

पीटरच्या शाळेमागें साम्राज्याचें बळ होतें; या घरगुती वर्गांमागें केवळ जिज्ञासेचें. रशियन गणिताची कीर्ति सांगतांना या दुसऱ्या बळाचा विसर पडतां कामा नये.