चित्रातले चित्र आणि न संपणारी वाट



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. चित्रकला किंवा गणित शाळेत शिकण्याचा योग आम्हांला फारसा आला नाही. परंतु कोणतीही करामत दिसली की ती कोणत्या हातांनी, कशी घडवली हे उकलून पाहण्याची खोड आहे. त्यातलीच एक आज आपणांपुढे ठेवतो.

न्हाव्याच्या दुकानातले समोरासमोरचे आरसे आपण सर्वांनी पाहिले आहेत. एकात दुसरा, दुसऱ्यात पहिला. 1904 साली नेदरलँड्समधील ड्रॉस्टे कंपनीच्या कोकोच्या डब्यावर असेच एक चित्र आले. परिचारिकेच्या हातात तबक, तबकात तोच डबा, त्या डब्यावर पुन्हा तीच परिचारिका. या प्रकाराला पुढे त्या कंपनीचेच नाव पडले. आता संगणकावर अशा चित्राचे चलच्चित्र करतात. आपण आत आत शिरत जातो आणि वाट संपतच नाही.

ती वाट कशी बांधतात? समजा, छायाचित्रात एक बाई तसबिरीची रिकामी चौकट सरळ धरून उभी आहे. चौकट छायाचित्राच्याच प्रमाणाची, पण रुंदीने त्याच्या चौथाई आहे. तिच्यात त्याच छायाचित्राची लहान प्रत बसवायची, त्या प्रतीतल्या चौकटीत आणखी लहान. मूळ छायाचित्र 1600 ठिपके रुंद असेल, तर आतली चित्रे 400, 100, 25 आणि सुमारे 6 ठिपक्यांची होतील. सहा ठिपक्यांत बाई कसली ओळखू येणार! तेव्हा ज्याला अनंत म्हणायचे ते चार प्रतींतच आटोपते.

आता गती. सेकंदाला 24 चित्रे धरली, तर दोन सेकंदांना 48 लागतात. तेवढ्यात छायाचित्र चौपट मोठे झाले पाहिजे. प्रत्येक वेळी सारखीच भर घातली, तर वाढ आरंभी सहा टक्क्यांहून अधिक आणि अखेरीस दोन टक्क्यांहून कमी पडते; चाल मंदावते आणि फेरा नव्याने सुरू होताना हिसका बसतो. म्हणून प्रत्येक चित्र आधीच्या 1.0293 पट करायचे. सावकाराच्या दारी गेलेल्याला हे समजावून सांगायला नको: सरळव्याज नव्हे, चक्रवाढ! एकोणपन्नासावे चित्र हुबेहूब पहिल्यासारखे येते. म्हणून ते काढायचेच नाही, पहिलेच पुन्हा लावायचे.

मोठे करताना कोणता बिंदू स्थिर ठेवायचा? बाहेरच्या चित्राच्या एका कोपऱ्यातून आतल्या चित्राच्या त्याच कोपऱ्याकडे रेषा ओढून पुढे वाढवावी. शेजारच्या कोपऱ्याचेही तसेच करावे. दोन रेषा मिळतात तोच तो बिंदू.

एशर या डच चित्रकाराने 1956 साली ‘चित्रदालन’ या शिळाछापात ही वाट वळणदार केली आणि मधोमध एक जागा कोरी ठेवून तीत आपली सही केली. 2003 साली लायडन विद्यापीठातील लेन्स्ट्रा आणि डी स्मिट या गणितज्ञांनी त्यामागचा हिशेब प्रसिद्ध केला. वळण सरळ केले की आतले चित्र बाहेरच्याच्या बरोबर 256 वा हिस्सा भरते, असे त्यांनी दाखवले. कोरी जागाही भरून निघाली.

परंतु कोकोच्या डब्यात कितीही खोल शिरा, भेटते तीच परिचारिका. मळ्यात कोकोचे बी पिकवणारा मजूर पहिल्या चित्रात नव्हता, म्हणून तो शंभराव्यातही नाही. सभा, संस्था, संघटना यांचेही असेच होते. तीच माणसे, तीच भाषणे वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि गती आहे असा भास होतो. संगणक फेरे कितीही घालील. चौकटीत कोणाला घ्यायचे हे मात्र छायाचित्र घेतानाच ठरते आणि ते ठरवणारे आपण असतो. तरुण मित्रांनी ही करामत जरूर करून पाहावी. चौकट धरायला एखाद्या कष्टकऱ्याला उभे करावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.