देवीच्या हातात काय आहे?

बचत गटाच्या आम्ही समन्वयक ताया एरवी तुमच्याशी हप्ता, व्याज आणि वहीखातं यांवरच बोलतो. आज मात्र लांबच्या मुलखातल्या काही देवींची ओळख करून देणार आहोत. कंटाळू नका, बोलणं शेवटी आपल्या कामावरच येणार आहे.

दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी युरोपात केल्ट नावाचे लोक राहत होते. आजचा फ्रान्स, ब्रिटन, जर्मनीचा काही भाग हा त्यांचा मुलूख. शेती करायची, गुरं-घोडे पाळायचे. आपल्या देवदेवतांच्या कथा त्यांनी त्या काळी लिहून ठेवल्या नाहीत. पुढे रोमी लोकांनी यातला मोठा भाग जिंकला. दगडात मूर्ती घडवायची, खाली अक्षरं कोरायची, ही रोमी रीत तिथे रुजली. देवी तिथल्याच, घडवायची पद्धत नवी. म्हणून त्या देवींबद्दल जे कळतं, ते बरंचसं या दगडांवरूनच.

त्यांत ‘माता’ म्हणून पुजलेल्या देवी फार. बहुतेक ठिकाणी त्या तिघी असतात, एकमेकींना लागून बसलेल्या. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या गावी सापडलेली एक शिळा आहे. तिच्यावर तिघींच्या मांडीवर तबकं आहेत आणि तबकांत फळं आणि पाव. शेतात पिकलेलं आणि चुलीवर भाजलेलं, दोन्ही देवीच्या मांडीवर.

फ्रान्समधल्या वेर्तो गावची शिळा तर प्रत्येकीने बघावी अशी. एकीच्या मांडीवर तान्हं बाळ, दुसरीच्या हातात त्याचं दुपटं. तिसरीकडे अंग पुसायचा स्पंज आणि पाण्याचं भांडं. ना तलवार, ना भाला. बाळाला न्हाऊ घालायची तयारीच कोणीतरी दगडात कोरून ठेवली!

जर्मनीतल्या बॉन शहरात इसवी सन १६४ मधली एक वेदी मिळाली. तिच्यावरही तिघीच. कडेच्या दोघींच्या डोक्यावर मोठ्या गोल टोप्या, मधली तरुण, मोकळ्या केसांची. अभ्यासक सांगतात, अशी टोपी त्या भागातल्या लग्न झालेल्या बाया घालत. म्हणजे कारागिराने देवीला आपल्या गावच्या बाईचाच पोशाख दिला. ही वेदी वाहिली कोलोन शहराच्या खजिनदाराने. क्विंटस व्हेटियस सेव्हेरस हे त्याचं नाव आजही त्या दगडावर वाचता येतं.

आता कोणी म्हणेल, तिथे बाईला मोठा मान असणार. तसं धरून चालू नका. रोमी राज्यात बायांना मत नव्हतं, कारभारात पद नव्हतं. देवीपुढे हात जोडणं वेगळं आणि घरातल्या बाईला हक्क देणं वेगळं, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तरी या दगडांनी एक काम चोख केलं. भाकरतुकडा, दुपटं, पाण्याचं भांडं यांची नोंद ठेवली. आम्ही गटाचे अर्ज भरायला बसतो, व्यवसाय काय म्हणून विचारतो, तेव्हा किती ताया सांगतात, “काही नाही, घरीच असते.” पहाटेचं पाणी, धारा काढणं, निंदणी, स्वयंपाक, सासूबाईंचं औषधपाणी, एवढं सगळं त्या ‘काही नाही’त जातं. नोंद नसलेलं काम ना कर्ज मागताना दिसतं, ना घरात निर्णय होताना.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करू या. प्रत्येकीने उठल्यापासून निजेपर्यंत हातांनी काय काय केलं ते सांगायचं. जिला लिहिता येतं तिने सगळ्यांचं वहीत उतरवायचं, आणि प्रत्येकीच्या कामापुढे तिचं नाव घालायचं. आपल्याला दगड कोरायला नको, शंभर पानी वही पुरे आहे.