आधी वही, मग सौरफलक

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरगुती सौर विजेचा बॅटरीसह संच कसा आखावा व उभारावा, या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कला शाखेचा पदवीधर. फायली आणि वृत्तपत्रांची कात्रणे यांतच वय वाढले. परंतु असा संच मी स्वतःच्या घरी दोनदा उभारला आहे. दोनदा म्हणण्याचे कारण, पहिला बंद पडला.

त्या वेळी मी आधी सौरफलक विकत घेतला, मग मोटारीची एक बॅटरी जोडली आणि सर्वांत शेवटी दिवे किती लागतील याचा विचार केला. क्रम नेमका उलटा झाला. मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. तिला रोज रात्रभर उपसत राहिले, की तिच्या पातळ पट्ट्या लवकर निकामी होतात. पुढचा पावसाळा काही तिने काढला नाही. छपरावरचा फलक मात्र ठणठणीत होता. शाळांतून व समाजमंदिरांतून बंद पडलेले संच मी पाहिले, तेथेही बहुधा हेच आढळले : ऊन होते, फलक होता, बॅटरी मेलेली होती.

म्हणून आरंभ वहीपासून करावा. एका लहान घराचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे ४ एलईडी दिवे ५ तास, म्हणजे १८० वॅट-तास. ३० वॅटचा कमी वीज खाणारा पंखा ८ तास, म्हणजे २४०. मोबाइलसाठी ३० धरा. एकूण ४५० वॅट-तास झाले. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ही वीज घ्यायची, तर ४५० ला १२ ने भागावे. साडेसदतीस ॲम्पियर-तास येतात. एक दिवस आभाळ भरून आले तरी चालावे म्हणून दुप्पट करू : ७५. परंतु शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज रोज काढली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तेव्हा पुन्हा दुप्पट, म्हणजे १५० ॲम्पियर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी. मी हा हिशेब केला असता तर एका बॅटरीचे पैसे वाचले असते!

आता फलक. वाटेतील नासाडी धरून ४५० ऐवजी ५६० वॅट-तास मिळवावयाचे आहेत. दिवसाकाठी चार तासांचे पूर्ण ऊन धरले, तर १४० वॅट येतात. २०० वॅटचा फलक घेतल्यास ढगाळ दिवसाची तूट पुढे भरून निघते. भर आषाढात मात्र हा हिशेब चालत नाही. तेव्हा पंखा बंद ठेवावा. फलकाचे तोंड दक्षिणेकडे आणि कल आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे १८ ते २० अंश ठेवावा. आंब्याच्या एका फांदीची सावली फलकाच्या कोपऱ्यावर पडली तरी उत्पन्न बरेच खाली येते.

तारांविषयी एक इशारा. ६० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर सुमारे पाव ॲम्पियर प्रवाह घेते. १२ व्होल्टवर तेच ५ ॲम्पियर घेते. घरातील बारीक तार येथे वापरली तर ती तापते आणि दिवा मंद होतो. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज हवा. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग फलक. काढताना आधी फलक काढावा. भरताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. देवघर किंवा चूल जवळ नको. तीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे पाणी कदापि नको.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्क्यांपर्यंत वीज निर्धास्त काढता येते आणि पाणी घालावे लागत नाही. किंमत अधिक, आणि तिचे रक्षण करणारे इलेक्ट्रॉनिक मंडळ नसेल तर ती घेऊच नये.

पुष्कळ जण विचारतात, छपरावर अनुदानाचा संच आहे, मग वीज गेली की घरात अंधार का? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतील संच वीजवाहिनीला जोडलेले असतात. वाहिनीवर काम करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये म्हणून, वीज जाताच असा बॅटरीविना संच आपोआप थांबतो. त्यात दोष काही नाही.

हे शिकण्यास पदविका लागते असे मला वाटत नाही. राजस्थानातील तिलोनिया येथे, १९७२ साली सुरू झालेल्या आणि पुढे ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, निरक्षर स्त्रियादेखील रंगांच्या खुणांवरून सौर दिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकल्या. आपल्या गावी निदान दोन माणसे अशी तयार करावीत. संच मंजूर करताना त्यांची नावे ठरावातच लिहावीत आणि पुढील बॅटरीसाठी दरमहा काही रक्कम बाजूला ठेवावी. मंजुरीचे कागद माझ्याकडे पुष्कळ येतात; त्यांत फलकांची संख्या असते, बॅटरी कोण पाहणार हे क्वचितच असते.

माझी ती मेलेली बॅटरी मी आज सोबत आणली आहे. चहानंतर हातमोजे व चष्मा घालून आपण तिची झाकणे उघडू, आणि हायड्रोमीटर कसा वाचावा ते पाहू.