समुद्राची राखण करणारी विमाने



आज मी तुम्हाला एका लहान देशाच्या विमानांची हकीकत सांगणार आहे. त्या देशाचे नाव मॉरिशस. हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्कर बेटाच्याही पलीकडे हा देश आहे. 12 मार्च 1968 रोजी तो स्वतंत्र झाला. तेथे उसाची शेती मोठी. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, आपल्या कोकणातूनही माणसे बोटीत बसून तेथे उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते.

आता देश केवढा म्हणाल, तर सगळी बेटे मिळून सुमारे 2,040 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. एवढ्याशा देशाला विमाने कशाला हवीत?

हवीत, कारण त्याची जमीन लहान असली तरी समुद्र फार मोठा आहे. जगातील देशांनी 1982 साली एक करार केला. त्याप्रमाणे किनाऱ्यापासून सुमारे 370 किलोमीटरपर्यंतच्या समुद्रातील मासळी आणि तळाची संपत्ती यांवर त्या त्या देशाचा हक्क असतो. मॉरिशसची बेटे विखुरलेली आहेत. रॉड्रिग्ज हे बेट मुख्य बेटापासून सुमारे 600 किलोमीटर पूर्वेला, तर आगालेगा सुमारे 1,100 किलोमीटर उत्तरेला. प्रत्येक बेटाभोवती हक्काचा समुद्र. असा सगळा समुद्र मोजला तर तो वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक भरतो. आपल्या महाराष्ट्राच्या सहापट! घर झोपडीएवढे आणि शेत सहा गावांएवढे, अशी ही गोष्ट.

शेत म्हटले की राखण आली. या समुद्रात ट्यूना नावाचा मोठा मासा मिळतो. आपल्या कोकणात त्याला कुपा म्हणतात. त्याला परदेशात चांगला भाव येतो. मग परक्यांच्या बोटी चोरून मासे धरायला येणारच. पाण्याला बांध नाही आणि कुंपणही नाही. बोटीने राखण करावी, तर एवढ्या समुद्राला बोटी पुरायच्या कशा?

जोंधळा हुरड्यात आला की आपण शेतात माळा बांधतो. माळ्यावर चढले की चारी बाजूंचे शेत दिसते. मॉरिशसची विमाने म्हणजे समुद्रावरचे उडते माळे होत.

हे उडते माळे एका दिवसात उभे राहिले नाहीत. मॉरिशसला स्वतंत्र फौज नाही. देशाच्या रक्षणाचे काम पोलीस दलाकडेच आहे, आणि विमानेही त्याच दलाची. सुरुवात झाली 1974 साली. भारताने एक हेलिकॉप्टर दिले. त्याचे नाव चेतक. होय, राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव! बांधणी मूळची फ्रेंच, पण ते आपल्या देशात बनते.

1987 साली पोलीस दलातच तटरक्षक दल निघाले. त्यासाठी 1990 साली डॉर्नियर नावाचे विमान आले. हे विमान मूळ जर्मन बनावटीचे, पण तयार झाले आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्यात. याला दोन इंजिने असतात. पोटाखाली रडार असते. रडार म्हणजे अंधारात आणि ढगांतही दूरची वस्तू दाखवणारे यंत्र. 1992 साली डिफेंडर हे इंग्लंडचे लहान विमान त्याच्या जोडीला आले. दुसरे डॉर्नियर 2004 साली आले, तिसरे 2016 साली. 2009 साली ध्रुव हे भारतातच आखलेले आणि बनवलेले हेलिकॉप्टर मिळाले. त्याची सुधारलेली जात 2023 साली पोहोचली. यात लढाऊ विमान एकही नाही.

मग ही विमाने करतात काय? डॉर्नियर समुद्रावर तासन्‌तास फिरते. रडारवर ठिपका दिसला की खाली उतरून बोटीचे नाव वाचते, फोटो घेते आणि रेडिओवरून तटरक्षकांच्या जहाजाला कळवते. धरपकड जहाज करते. कोळ्याची होडी भरकटली तर विमान तिचा शोध घेते. पाण्यात पडलेल्याला हेलिकॉप्टर दोर सोडून वर ओढून घेते. दूरच्या बेटावर कोणी अत्यवस्थ झाला, तर त्याला विमानाने इस्पितळात आणतात. आगालेगावर माणसे जेमतेम तीनशे. तेथे भारताच्या मदतीने मोठी धावपट्टी झाली आणि 29 फेब्रुवारी 2024 रोजी तिचे उद्‌घाटन झाले.

पण माळा बांधला म्हणजे राखण झाली, असे होते का? 2020 सालचे उदाहरण ऐका. 25 जुलैच्या रात्री वाकाशिओ नावाचे प्रचंड जपानी जहाज मॉरिशसच्या प्रवाळाच्या खडकावर चढले. मोबाईलला संदेश मिळावेत म्हणून जहाज किनाऱ्याजवळ आणले होते, असे पुढे उघड झाले. जहाजात सुमारे 4,000 टन तेल होते. 6 ऑगस्टला ते गळू लागले. सुमारे 1,000 टन तेल समुद्रात गेले. निळे पाणी काळे झाले. कोळ्यांची भाकरीच बुडाली.

विमाने होती, किनाऱ्यावर रडारही होती. तरी जहाज खडकावर आलेच. नुसते दिसून भागत नाही. दिसलेले ओळखणारा आणि वेळेवर धावणारा माणूस लागतो. त्या संकटात माणसेच उभी राहिली. गावोगावच्या बायाबापड्यांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून लांब लांब बंधारे शिवले आणि तेल अडवले. हेलिकॉप्टरने जहाजावरचे थोडे तेल उचलून जमिनीवर आणले. भारतानेही 30 टनांहून अधिक सामान आणि तटरक्षक दलाची माणसे पाठवली. बरेचसे तेल उपसून घेतल्यावर 15 ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या विमानांचे बरेचसे नेतृत्व भारतीय नौदलाच्या आणि वायुदलाच्या अधिकाऱ्यांकडे राहिले आहे. मित्राची मदत घेण्यात कमीपणा नाही. पण शेजारी आपल्या शेताच्या माळ्यावर किती दिवस बसणार? उसना बैल नांगरणीपुरता. म्हणून मॉरिशसचे तरुणही वैमानिक होतात, दुरुस्तीचे काम शिकतात. विमान दुसऱ्याकडून मिळते, पण ते चालवण्याची विद्या स्वतःच कमवावी लागते.

मंडळी, तुम्ही या वयात पाटी हाती घेतलीत, ती याचसाठी. दुसऱ्याने कागद वाचून दाखवला तर काम भागते खरे. पण आपल्या सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, हे आपल्याच डोळ्यांनी वाचता आले, म्हणजे शेताची खरी राखण झाली.

घरी गेल्यावर पोरांकडून नकाशा मागून घ्या. हिंदी महासागरात मॉरिशसचा ठिपका शोधा. ठिपका बारीक आहे. त्याच्याभोवतीचे निळे पाणी मात्र नीट पाहा.