पिशवीतलं तिसरं धान्य

(खोपट, ठाणे येथील सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण खोपटमध्ये बसलो आहोत. जवळच एसटीचा डेपो आहे. गाव सोडून ठाण्यात आलेल्या कितीतरी कुटुंबांचं पहिलं पाऊल याच डेपोत पडलं. कुणी सोलापूरहून आलं, कुणी बीड-लातूरकडून, कुणी कोकणातून. गावाकडे घरात ज्वारीची किंवा नाचणीची कणगी होती, इथे हातात रेशनची पिशवी आली. आज त्या पिशवीबद्दलच बोलायचं आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 मध्ये झाला, महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. मोफत म्हटलं की पुष्कळांना ती खैरात वाटते. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हे धान्य संसदेनं केलेल्या कायद्यानं मिळतं. दुकानात मान खाली घालून उभं राहायचं कारण नाही.

पण आधी यादीत नाव लागतं. शहरासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 2013 मध्ये 59 हजार रुपये ठरली. म्हणजे अख्ख्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न पाच हजारांच्या आत! ठाण्यात खोलीचं भाडं भरणारं घर यात बसणार कसं? दहा वर्षांनंतरही मर्यादा तीच होती. वर राज्यातल्या लाभार्थ्यांचा आकडा सुमारे 7 कोटींवर बांधलेला, तोही 2011 च्या जनगणनेवरून. 2021 ची जनगणना झालीच नाही. मग नव्या नावांना जागा कुठून मिळणार?

भगिनींनो, याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. कलम 13 प्रमाणे घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. हे आपल्याला कुणी सांगत नाही. माझ्याकडे एक बहीण आली होती. नवऱ्यानं सोडलं म्हणून दोन मुलं घेऊन माहेरी राहत होती. तिघांची नावं मात्र सासरच्या कार्डावर. धान्य तिकडे उचललं जात होतं, आणि इथे तिघं आईच्या वाट्यातलं खात होती. म्हणून सांगतो, तलाक असो की वैधव्य, पोटगीइतकीच रेशनकार्डाचीही चौकशी करा. जुन्या कार्डावरून नाव कमी करून नव्या कार्डासाठी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या.

आता पिशवीत काय येतं ते पाहू. कायद्यात तीन धान्यांचे दर लिहिले होते. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये, भरड धान्य 1 रुपया. पहिली दोन येतात. तिसरं, म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी, अधूनमधून कधीतरी दिसतं. आपल्या आज्या त्याच भाकरीवर वाढल्या.

हा फक्त चवीचा प्रश्न नाही. सरकार जे हमखास विकत घेतं, ते शेतकरी पिकवतो. पंजाबात भाताची खरेदी पक्की, म्हणून तिथे भूजल उपसून भात घेतला जातो. आमच्या सोलापूर-मराठवाड्यातली रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, वर जनावरांना कडबा देते. तिचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी भरवशाची नसते. मग शेतकरी उसाकडे, सोयाबीनकडे वळतो. 1972 च्या दुष्काळात ज्वारीच्या या राज्याला रेशनवर परदेशातून आलेला मिलो खावा लागला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांना तो लाल दाणा अजून आठवतो.

म्हणून आपली मागणी साधी आहे. राज्यातली ज्वारी, बाजरी, नाचणी सरकारनं हमीभावानं घ्यावी आणि आपल्या रेशन दुकानात दर महिन्याला द्यावी. त्यात शेतकऱ्याला दाम मिळेल, जमिनीतलं पाणी वाचेल, आपल्या मुलांच्या ताटात भाकरी येईल.

घरी गेल्यावर आपलं कार्ड काढा. नावं मोजा. काही चुकत असेल तर 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. रेशन दुकानासाठी दक्षता समिती असावी असं कायदाच सांगतो. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे ते विचारा. आणि पुढच्या महिन्यात दुकानदाराला एक प्रश्न जरूर करा : तिसरं धान्य कुठे आहे?