रेल्वेचे फाटक आणि गावाची वाट

(आकाशवाणीवरील भाषण)

आदिलाबादच्या बाजारात कापूस घेऊन निघालेला शेतकरी रेल्वेच्या बंद फाटकापाशी येऊन थांबतो, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार येतो तो वेळेचा. मागे गाड्यांची रांग वाढत असते, बाजारात आधी पोहोचलेल्याचा माल आधी काट्यावर चढणार हे त्याला ठाऊक असते, आणि रुळावर तर दृष्टी पोहोचेल तेथवर गाडीचा मागमूस नसतो. मग हे फाटक बंद कशासाठी, असा प्रश्न त्याला पडला तर त्यात नवल नाही. परंतु त्याच फाटकाकडे पलीकडून येणारा इंजिनचालक अगदी निराळ्या दृष्टीने पाहत असतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणारी आगगाडी एका सेकंदात २० मीटर आणि अवघ्या ५० सेकंदांत एक किलोमीटर अंतर कापते. वेग शंभराच्या घरात गेला, तर पूर्ण जोराने ब्रेक लावूनही ती थांबेपर्यंत एक किलोमीटरच्या आसपास पुढे जाते. रुळावर अडकलेली बैलगाडी चालकाला दिसली, तरी ती वाचविणे बहुधा त्याच्या हाती उरलेले नसते. सडकेवरचा माणूस थांबू शकतो, रुळावरची गाडी वेळेवर थांबू शकत नाही. फाटकासंबंधीचे सारे नियम आणि साऱ्या योजना या एका साध्या गोष्टीवर उभ्या आहेत.

आदिलाबाद जिल्ह्याचा आणि रेल्वेचा संबंध निजामी राजवटीपासूनचा आहे. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, आणि मंचेरियाल, बेल्लमपल्ली, कागजनगर ही काझीपेठ–बल्लारशा मार्गावरची स्थानके आदिलाबादच्या हद्दीबाहेर गेली. आता जिल्ह्याच्या वाट्यास राहिला आहे तो मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवटवरून येणारा आणि पुढे पैनगंगा ओलांडून पिंपळखुटीकडे जाणारा एकच लोहमार्ग. त्याच्या एका बाजूस नांदेड जिल्हा, दुसऱ्या बाजूस यवतमाळ जिल्हा, आणि मध्ये आदिलाबाद. कारभार दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाचा. पूर्वी हा मार्ग मीटर गेजचा होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तो रुंद झाला, आणि अलीकडे त्यावर विजेच्या तारा आल्या. गाड्या जड झाल्या, त्यांचा वेग वाढला. रूळ बदलले, इंजिने बदलली, पण फाटकापाशी वागण्याच्या आपल्या सवयी पुष्कळशा मीटर गेजच्या काळातल्याच राहिल्या.

या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष गेले, ते काही भीषण अपघातांनंतर. २००५ सालच्या ३ फेब्रुवारीस नागपूरजवळ कन्हान येथे लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस फाटकवाला नसलेल्या ठिकाणी आगगाडीची धडक बसली आणि पन्नासांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०१४ सालच्या २४ जुलैस तेलंगणातील मेडक जिल्ह्यात मासाईपेठ येथे अशाच उघड्या फाटकावर शाळेची बस गाडीखाली सापडली. ती गाडी नांदेडहून सिकंदराबादला जाणारी होती, म्हणजे आपल्याच भागातून निघालेली. २०१८ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे १३ शाळकरी मुले त्याच रीतीने दगावली. कायद्यात उणीव होती म्हणून हे घडले असे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम स्पष्ट सांगते की, फाटकवाला नसलेल्या ठिकाणी वाहन थांबवावे, वाहकाने किंवा सोबत्याने खाली उतरून रुळापर्यंत चालत जावे, गाडी येत नाही अशी खात्री करून घ्यावी आणि मगच वाहन पलीकडे न्यावे. सोबती नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. किती चालक असे उतरत असत, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

थोर अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षिततेसंबंधी अहवाल दिला. पाच वर्षांत देशातील सर्व फाटके, मग त्यांवर माणूस असो वा नसो, नाहीशी करावीत अशी शिफारस तीत होती, आणि त्यासाठी सुमारे ५०,००० कोटी रुपये खर्च येईल असा अंदाज होता. ती संपूर्ण शिफारस त्या मुदतीत पार पडली नाही. परंतु तिचा अर्धा भाग पुरा झाला. २०१९ सालच्या जानेवारीअखेर रुंद मार्गावरील माणूस नसलेले शेवटचे फाटक नाहीसे झाले. काही ठिकाणी फाटकवाला नेमला गेला, काही ठिकाणी रुळाखालून रस्ता काढला गेला, तर काही फाटके बंद करून वाहतूक जवळच्या दुसऱ्या वाटेवर वळविण्यात आली. हे काम मोठे आहे, आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो माणूस असलेल्या फाटकांचा. देशात अशी सुमारे १७,००० फाटके आहेत. त्यांत दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फाटक आणि सिग्नल यांची यांत्रिक सांगड घातलेली असते. फाटक पूर्ण बंद होऊन त्यास कुलूप बसल्याखेरीज गाडीला पुढे येण्याचा सिग्नल मिळूच शकत नाही. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. दुसऱ्या प्रकारात अशी सांगड नसते. स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून फाटकवाल्यास गाडीची वर्दी देतो, फाटकवाला फाटक बंद करून तसे कळवितो, आणि त्या शब्दावर सारा व्यवहार चालतो. माणूस कितीही कर्तव्यदक्ष असला तरी रात्री-अपरात्री, वर्षानुवर्षे, एकदाही चूक न होऊ देणे ही अपेक्षा जड आहे. २०२५ सालच्या ८ जुलैस तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या वाहनास गाडीची धडक बसून तीन विद्यार्थी मरण पावले. तेथे फाटकवाला नेमलेला होता, परंतु फाटकाची सिग्नलशी सांगड नव्हती. त्यानंतर रेल्वेने फाटकांवर कॅमेरे बसविण्याचे ठरविले, दूरध्वनीवरील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची तपासणी करण्याचे आदेश दिले आणि इंटरलॉकिंगसाठी लागणाऱ्या रहदारीची मर्यादा निम्म्यावर आणली.

ही मर्यादा काय आहे, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण गावाच्या फाटकाचे भवितव्य तिच्यावर ठरते. चोवीस तासांत फाटकावरून किती आगगाड्या जातात आणि किती वाहने जातात, हे मोजून त्या दोन आकड्यांचा गुणाकार करतात. या हिशेबात बैलगाडीसही मोटारीइतकाच मान आहे. पूर्वी हा गुणाकार २०,००० झाल्यास इंटरलॉकिंगचा विचार होई, आता तो १०,००० वर आला आहे. गुणाकार एक लाखावर गेला तर उड्डाणपुलाची योजना होऊ शकते, आणि तिचा खर्च सामान्यतः रेल्वे व राज्य सरकार यांनी निम्मानिम्मा उचलावयाचा असतो. आदिलाबाद शहरात लोहमार्ग वस्तीतूनच जातो. तांसी बसस्थानकाजवळच्या फाटकावर होणारा खोळंबा शहरवासीयांच्या चांगला परिचयाचा आहे, आणि तेथे पुलाची योजना पुढे आली ती या रहदारीमुळेच.

खेड्यातल्या फाटकाची गोष्ट निराळी. समजा, एका फाटकावरून दिवसाकाठी १४ गाड्या आणि ६०० वाहने जातात. गुणाकार होतो ८,४००, म्हणजे मर्यादेच्या खाली. पण हीच मोजणी कापसाच्या हंगामात केली आणि वाहने ९०० भरली, तर गुणाकार १२,६०० होतो. फाटक तेच, गाव तेच, गाड्या त्याच. फरक केवळ महिन्याचा. मोजणी आषाढात झाली की मार्गशीर्षात, यावर जर गावाची सुरक्षितता ठरणार असेल, तर ती केव्हा होते हे विचारण्याचा गावास अधिकार आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे.

श्रोतेहो, आता मी या विषयाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. फाटक नाहीसे करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रुळाखालून काढलेला अरुंद रस्ता. कागदावर तो निर्दोष दिसतो. गाडी वरून जाते, माणूस खालून जातो, दोघांची गाठच पडत नाही. परंतु आदिलाबादची जमीन काळी आणि चिकण, आणि पाऊस भरपूर. खोदलेल्या वाटेत पाणी शिरले म्हणजे ते सहजासहजी उतरत नाही. २०२२ सालच्या जुलै महिन्यात तेलंगणातच महबूबनगरजवळ रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यात शाळेची बस अडकली. सुदैवाने मुले सुखरूप बाहेर काढली गेली. आगगाडीच्या धडकेपासून मुलांना वाचविण्यासाठी जी वाट काढावयाची, तिनेच त्यांना पाण्यात लोटावे, ही गोष्ट कोणत्याही योजनाकाराने गंभीरपणे घेतली पाहिजे.

पाण्याने भरलेली वाट आणखी एक अनर्थ करते. खालचा रस्ता बंद झाला म्हणून शेताला जाणारी बाई, शाळेला जाणारा मुलगा किंवा दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला गवळी घरी बसून राहत नाही. तो जुन्या फाटकाच्या जागेवरून, कुंपण वाकवून, सरळ रूळ ओलांडतो. आता तेथे फाटक नसते, फाटकवाला नसतो, गाडीची वर्दी देणारे कोणीही नसते. असे रूळ ओलांडणे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि तो अपघात फाटकावरच्या अपघातांच्या हिशेबात धरला जात नाही. काकोडकर समितीने आपल्या अहवालात सांगितले होते की, देशात दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रुळांवर अनधिकृतपणे वावरताना प्राण गमावतात. फाटकावरील मृत्यू कमी झाले, पण त्यांतले काही या दुसऱ्या रकान्यात गेले, तर तक्ता सुधारेल, गाव सुधारणार नाही. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, फाटक बंद होणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. बारा महिने चालेल अशी दुसरी वाट मिळणे, ही खरी सुरक्षितता होय.

ही वाट मिळविण्याची वेळ कोणती? पूल बांधून झाल्यावर तक्रार करण्यात फारसा अर्थ राहत नाही, कारण एकदा रुळाखाली घातलेली काँक्रीटची चौकट दोन पिढ्या तेथून हलत नाही. फाटक कायमचे बंद करण्यापूर्वी रेल्वेस राज्य सरकारची, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, संमती घ्यावी लागते. हीच गावाची संधी. त्या वेळी ग्रामसभेने नकाशा मागवून घ्यावा आणि काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. पावसाचे पाणी कोणत्या नाल्यास जाणार आणि त्या नाल्याची पातळी वाटेच्या तळाहून खाली आहे काय? पाणी उपसण्याचे यंत्र बसणार असेल, तर वीज गेल्यावर ते कोण चालविणार, आणि त्याची देखभाल रेल्वेकडे की पंचायतीकडे? कापसाने भरलेली गाडी, मळणीचे यंत्र, रुग्णवाहिका त्या उंचीतून जाईल काय? पायी जाणाऱ्यास वाहनांपासून वेगळी, उंचावरची कडा आहे काय? सोयाबीन आणि कापूस पिकविणाऱ्या माणसास आपल्या शिवारातले पाणी कोठे वळते, हे कोणत्याही अभियंत्याइतकेच, कदाचित अधिक, ठाऊक असते. ते ज्ञान नकाशावर उतरले पाहिजे.

जोवर फाटके आहेत, तोवर आपली बाजूही आपण सांभाळली पाहिजे. बंद फाटक उघडणे हा तीन वर्षांपर्यंतच्या आणि ते मोडणे हा पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे. परंतु शिक्षेच्या भीतीहून मोठी गोष्ट अशी की, दांडीखालून मोटारसायकल वाकवून नेणारा तरुण आपल्या मागे उभ्या असलेल्या शाळकरी मुलास तीच सवय शिकवीत असतो. फाटकवाल्याशी हुज्जत घालून दोन मिनिटे आधी फाटक उघडून घेणारा प्रतिष्ठित गृहस्थ त्या गरीब नोकराच्या गळ्यात फास अडकवीत असतो. विजेच्या तारा आल्यापासून आणखी एक पथ्य आले आहे. तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो, म्हणून फाटकाच्या दोन्ही बाजूंस उंचीची मर्यादा दाखविणारी आडवी पट्टी उभारलेली असते. कापसाचे बोचके त्या पट्टीस लागत असेल, तर ते उतरवून घ्यावे. गाडीवर उभे राहून पट्टी उचलून धरू नये.

पैनगंगेच्या अलीकडची गावे तेलंगणात आहेत, पलीकडची महाराष्ट्रात. फाटकाचे कागद दोन राज्यांच्या कचेऱ्यांतून फिरतात, पण आगगाडी एकच आहे आणि तिच्यापुढे येणारी बैलगाडीही एकसारखीच आहे. नदीच्या दोन्ही तीरांवरच्या पंचायतींनी आपापल्या फाटकांची मोजणी कोणत्या महिन्यात झाली, एवढे जरी येत्या ग्रामसभेत विचारून घेतले, तरी या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.